नानांच्या छातीतला फुगा

आमच्या घरात बिनडागाचा कपडा नव्हता. वडील चोपड्याकडे केळी कापणाऱ्या टोळीत होते. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. गळतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळा पडतो. तो डाग साबणाला ऐकत नाही, रॉकेलला ऐकत नाही, आणि देवालाही ऐकत नसावा, कारण आईने तोही उपाय करून पाहिला होता. वडील घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेत. त्यांचा शर्ट फाटला की आई त्याचा धड उरलेला भाग कापून माझ्यासाठी काहीतरी शिवी, पण धड उरलेला भाग नेमका डागाचाच असे.

शाळेचा पांढरा शर्ट मात्र विकतचा होता. त्यावर डाग पडला की आई डागावर खिसा शिवून टाकायची. असे करता करता माझ्या शर्टाला एक खिसा पाठीवरही आला. बाईंनी विचारलं, "मागच्या खिशात काय ठेवतेस गं?"

मी म्हणाले, "अजून काही नाही."

एका वर्षी वादळाने केळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या. कापायला घड उरले नाहीत, तशी टोळी मोडली. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात पत्र्याच्या एका खोलीत आलो. वडील डाळ मिलमध्ये पोती उचलू लागले, आई तिथेच डाळ निवडायला बसू लागली. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली अभ्यास केलेल्या माणसाला पुढे कुठल्याच परीक्षा हॉलचा त्रास होत नाही. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा नसेल तेव्हा भाकरी आणि ठेच्याच्या गप्पा.

आमच्या अख्ख्या कुळात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी नम्रपणे सांगत नाही. नम्रपणा ज्यांच्या आजोबांनी पदव्या घेतल्या त्यांना शोभतो. मी एमबीबीएस झाले, एमडी झाले, पुण्याला अतिदक्षता विभागाचं शिक्षण घेतलं आणि धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात रुजू झाले. पुण्याहून येताना माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. एक प्रमाणपत्र, एक मिक्सर आणि एक वेड.

वेड फुग्याचं होतं. ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

फुप्फुस निकामी होऊ लागलं की व्हेंटिलेटर लावतात. ते यंत्र हवा आत ढकलतं. ढकलायची किती, हा सगळा प्रश्न. कमी ढकलली तर फुप्फुसातले बारीक कप्पे मिटून बसतात, जास्त ढकलली तर फाटतात. यंत्राच्या पडद्यावर दाबाचा आकडा दिसतो आणि तो तीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेलं असतं. पण तो आकडा एकट्या फुप्फुसाचा नसतो. शिरपूरच्या काळी-पिवळी जीपमध्ये मधल्या सीटवर बसलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, तेव्हा दोष त्याच्या फुप्फुसाचा नसतो, शेजारच्या दोघांचा असतो. तसंच हे. बरगड्या, छातीवरची चरबी, खालून रेटणारं पोट, हे सगळे फुप्फुसाचे शेजारी. ते किती रेटतायत हे कळल्याशिवाय यंत्राच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

आता अन्ननलिका बरोबर दोन फुप्फुसांच्या मधून जाते. नाकावाटे तिच्यात एक बारीक नळी सोडायची. नळीच्या टोकाशी बोटाएवढा लांबट, पातळ फुगा असतो, त्यात चमचाभरही नाही इतकी हवा भरायची. त्या फुग्यावर जो दाब पडतो तो शेजाऱ्यांचा. यंत्राच्या आकड्यातून तो वजा केला की उरतो तो फुप्फुसाचा स्वतःचा. एवढंच. यात न कळण्यासारखं काही नाही. माझ्या आईला कळलं. वडिलांनाही कळलं, फक्त त्यांनी ते पिंप्राळ्यात सगळीकडे जरा घाईने सांगितलं, त्यामुळे आमच्या गल्लीत बरेच दिवस अशी समजूत होती की मुलीने एवढं शिकून धुळ्याला फुग्यांचं दुकान टाकलं.

आमच्या दवाखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांना मात्र पटेना. सर स्वतः उत्तम डॉक्टर. त्यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन धुळ्यात कापडाचं दुकान टाकून बसले होते, आणि गिऱ्हाईकाने शेवटचं ठाण बघितल्याशिवाय पहिल्यावर बोलायचं नाही, हा दुकानातला गुण सरांनी दवाखान्यातही आणला होता.

"आजवर धुळ्यात माणसं फुग्याशिवायच बरी झाली ना?" सर म्हणायचे.

"जी बरी झाली ती झाली सर."

"म्हणजे काय?"

"जी झाली नाहीत ती सांगायला येत नाहीत."

त्यावर सर चहा मागवायचे. चहा दोन आले तर मी नोकरीवर आहे असं समजायचं. फुग्याच्या नळ्यांचं एक खोकं शेवटी त्यांनी मागवून दिलं, पण ते त्यांच्याच कपाटात राहिलं.

आणि मग शिंदखेड्याकडचे नाना आले.

नाना म्हणजे साठीपुढचा, दारातून आडवा होऊन येणारा शेतकरी गडी. साध्या तापाचा न्यूमोनिया झाला, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली, आणि आमच्याकडे आणलं तेव्हा ओठ निळे होते. नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं, झोपेची औषधं दिली, शरीर ढिलं पडण्याची दिली. नाना शांत झोपले. अशांत झालं ते बाहेर.

बाहेर अख्खं गोत्र होतं. त्यात नानांची बायको, म्हणजे काकू, एका कोपऱ्यात गप्प. पण कारभार नानांच्या थोरल्या बहिणीचा. त्यांना सगळे अक्का म्हणत, म्हणून आम्हीही. अक्का उंच, काटक, हातात पाटल्या, आणि आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जाईल असा. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"पोरी, मोठा डाक्टर कोठे शे?"

"मीच आहे अक्का या विभागाला."

"तू? तुनं लगीन व्हयनं का?"

"नाही."

"मंग मोठा डाक्टर येवापावत मी आठेच बसस," म्हणून अक्का बसल्या. त्या जमिनीवर बसल्या, गोत्र जमिनीवर बसलं. खुर्चीवर एकटा जावई.

जावई ही आमच्याकडे व्यक्ती नाही, पद आहे. नानांचे जावई दोंडाईच्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होते. गळ्यात शोरूमचं ओळखपत्र, आणि ते सासुरवाडीच्या आजारपणातही काढलेलं नव्हतं. आमच्याकडे जावयाचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. बरोबर असला तरी नाही आणि चूक असला तर मुळीच नाही. अक्का साऱ्या गावाला झापतील, पण जावयासमोर पदर सावरून "जावईबुवा म्हनतस तेच खरं" एवढंच.

नानांचं काही केल्या सुधरेना. प्राणवायूचं प्रमाण यंत्रावर जवळजवळ पूर्ण लावलं, तरी रक्तात पोचत नव्हता. पालथं झोपवून पाहिलं, थोडा उजेड दिसला आणि गेला. पडद्यावरचा दाबाचा आकडा तिशीला टेकलेला, म्हणून सर आणखी दाब वाढवू देईनात. दाब वाढवायचा नाही, कप्पे उघडायचे नाहीत, मग नाना जगायचे कसे?

"सर, हे नानांचं फुप्फुस नाहीये, हे नानांचं पोट आहे," मी म्हणाले. "एकदा मोजू द्या."

सरांनी कपाट उघडलं. खोकं बाहेर काढलं. "उद्या संध्याकाळपर्यंत. फरक पडला नाही तर फुगा बाहेर आणि सगळे आकडे पुन्हा माझे."

नातेवाइकांची संमती हवी होती. मी बाहेर जाऊन काळी-पिवळीपासून फुग्यापर्यंत सगळं समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांच्या माना जावयाकडे वळल्या.

जावयांनी पायावरचा पाय उतरवला. "म्हणजे मॅडम, तुम्ही हवा चेक करणार."

"एका अर्थी हो."

"मग आधी सांगायचं ना! रोजचंच आहे आमचं. पण एक लक्षात ठेवा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवा कमीच ठेवायची असते. जास्त भरली की नांगरटीत चाक घसरतं."

"नाना आत्ता नांगरटीला जाणार नाहीत," मी म्हणाले.

"आते नही," अक्का म्हणाल्या, "पन बरा व्हयना का जाईच."

"फुगा फुटला तर?" कोणीतरी मागून विचारलं.

"फुटत नाही. आणि हवा इतकी थोडी असते की फुटला तरी कळणार नाही."

"आनि बठ्ठ्या नळ्या त्याना नाकमाच कसाले घालतस?" सगळ्या नळ्या नाकातच, हा अक्कांना भावाचा अपमान वाटत होता.

शेवटी जावयांनी "टाका" म्हटलं. त्यासरशी गोत्राने एकसुरात "टाका, टाका" म्हटलं आणि काकूंनी अंगठा नाही, सही केली. हे मला आवडलं.

नळी सहज गेली. फुगा योग्य जागी आहे का ते छातीवर हलकेच दाबून ताडून पाहिलं आणि आकडा वाचला. मी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने माझ्याकडे. नानांचे शेजारी भयंकर रेटत होते. यंत्र श्वास सोडू देई तेव्हा बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त होई, आणि कप्पे दरवेळी मिटून जात. तिशीच्या आकड्यातला निम्म्याहून जास्त वाटा या शेजाऱ्यांचा होता. फुप्फुस बिचारं फुगतच नव्हतं, आणि आम्ही ते फाटेल म्हणून घाबरत होतो.

श्वास संपल्यावरही यंत्राने काही दाब धरून ठेवायचा असतो, म्हणजे कप्पे उघडे राहतात. तो मी पायरी पायरीने वाढवला. पडद्यावर तिशी ओलांडली तसे सर पुढे आले.

"ओलांडली."

"वजा करा सर."

सरांनी मनात वजाबाकी केली. कापडवाल्याच्या घरातला माणूस, वजाबाकी कच्ची नव्हती. एक पाऊल मागे सरले. संध्याकाळपर्यंत रक्तातला प्राणवायू चढू लागला आणि यंत्रावरचा आम्ही उतरवू लागलो. भेटीच्या वेळी अक्का आत येऊन भावाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"रंग उना वं त्याले," एवढंच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "जेवनी का तू?"

इथे मी जिंकले असं समजून निवांत झाले. चूक झाली. खान्देशात आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस हात हलवत येत नाही, उपाय घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर बाहेरच्या बाकावर आमचा वॉचमन उताणा पडलेला, शर्ट वर, आणि अक्का त्याच्या बेंबीवर अंगठा रोवून डोळे मिटून बसलेल्या. आमच्याकडे बेंबी सरकते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ओझं उचललं, पाय वाकडा पडला की बेंबी जागेवरून सरकते, आणि मग पोट दुखतं, जेवण जात नाही, अंगात जोर राहत नाही. जाणकार बाई ती अंगठ्याने चाचपते, ओढून जागेवर आणते, वर वाटी पालथी ठेवून कपड्याने घट्ट आवळते. अक्का त्यातल्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. वॉचमनच्या मागे आमच्या वॉर्डातल्या मावशी नंबर लावून उभ्या होत्या, त्यांच्या मागे कँटीनवाला.

मला हसू आवरेना. अक्कांनी एक डोळा उघडला.

"डाक्टरीन बाई, ये. तुनी भी देखी लेस."

"नको अक्का. मी एमडी आहे."

"मंग? एमडीले बेंबी नही र्‍हास का?"

बाकावरचा वॉचमन पोट गदगदवून हसला, तशी अक्कांनी त्याला चापट मारली, "हसू नको, परत सरकी."

दुपारी भेटीची वेळ संपली आणि थोड्या वेळाने नानांच्या यंत्राने बोंब मारली. दाब वर, अजून वर. प्रत्येक श्वासाला आत जाणारी हवा कमी. प्राणवायू उतरू लागला. सर धावत आले. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही, कारण त्यात राग नव्हता, वाईट वाटणं होतं.

"फाटलं," ते म्हणाले. "सांगत होतो मी. दाब उतरव. छातीचा फोटो काढायला बोलावतो."

फुप्फुस फाटून हवा छातीत साठली तर असंच होतं, हे खरं. पण मी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकलं, हवा दोन्हीकडे सारखी जात होती. सिस्टरने श्वासनळीतून कफ ओढून पाहिला, मार्ग मोकळा होता. तेवढ्यात दारातून अक्कांचा नव्हे, जावयांचा आवाज आला. "बस झालं. नाशिकला हलवा. मी गाडी बोलावलीय."

या अवस्थेत नाना यंत्रावरून उतरून गाडीत, गाडीतून महामार्गावर, म्हणजे वाटेत मालेगावही दिसलं नसतं. हे सरांना माहीत होतं, मलाही. आणि दाब उतरवला तर कप्पे मिटणार आणि इथेच संपणार, हे मला माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, बाई, तू शिकलीस काय? मोजायला. मग मोज.

मी यंत्राचा श्वास क्षणभर थांबवून दोन्ही आकडे घेतले. यंत्राचा चढलेला. फुग्याचाही चढलेला, आणि तेवढाच. वजा केलं. फुप्फुसाचा वाटा कालच्यापेक्षा तसूभरही वाढलेला नव्हता.

"सर, आत काही झालेलं नाही. शेजारी वाढलेत."

"म्हणजे?"

"बाहेरून कोणीतरी दाबतंय."

आम्ही दोघांनी नानांकडे पाहिलं. त्यांना कोणीच दाबत नव्हतं. अंगावर गळ्यापर्यंत चादर होती. पण ती चादर फार नीट होती. आमच्याकडे इतकी नीट चादर कधीच नसते. लग्नातल्या आहेराच्या पुडक्यासारखी चारी बाजूंनी खोचलेली.

मी ती ओढली.

नानांच्या पोटाला छातीच्या फासळ्यांपासून कमरेपर्यंत एक कोरं धोतर गुंडाळलेलं होतं. साधं नाही, कापसाचं गाठोडं आवळावं तसं, पीळ देऊन, कुशीवर गाठ मारून. मधोमध उंचवटा, म्हणजे पालथी वाटी. गाठ सुटेना. सिस्टरने कात्री आणली आणि मी धोतर आडवं फाडलं. वाटी घरंगळत जाऊन सरांच्या बुटाशी थांबली. पडद्यावरचे दोन्ही आकडे आमच्या डोळ्यांदेखत खाली उतरले आणि सकाळच्या जागी जाऊन बसले. मग फोटो आला. फुप्फुस कुठेही फाटलेलं नव्हतं.

सर वाटी उचलून बघत राहिले. पितळी होती, घासून लख्ख केलेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं." सरांच्या तोंडून ते "हं" ऐकायला मी दोन वर्षं नोकरी केली होती.

ते धोतर तिथे गेलं कसं, हे शोधायला फार लागलं नाही. नानांसारख्या देहाला उचलून खालून कापड घालणं एकट्या अक्कांचं काम नव्हतं. सिस्टर पलीकडच्या पेशंटला बघत होती, तेवढ्यात आमच्याच मावशींनी हात लावला होता.

"मी फक्त उचललं मॅडम," मावशी म्हणाल्या. "सकाळी अक्कांनी माझी बसवून दिली ना, तर नाही कसं म्हणू?"

मी तावातावाने बाहेर गेले. अक्का उभ्याच होत्या.

"गाठ सुटनी का?"

"सुटली नाही, कापली! अक्का, तुमचा भाऊ गेला असता!"

"त्यानी बेंबी सरकनी व्हती. मी हात लाई देखी. इतला दिन पडेल शे, सरकाव नही का?"

"म्हणून इतकं आवळायचं?"

अक्का एक पाऊल पुढे आल्या. "तुम्ही नाकमातून फुगा घाला ते चाली, आनि मी वरतून धोतर बांधं ते नही चाली?"

मी एमडी असले तरी कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना प्रश्न रास्त वाटत होता, हे मला दिसत होतं. मग मी आवाज उतरवला.

"अक्का, तुम्ही बांधलं कुठे? पोटावर. चादरीखाली. आम्हाला कोणाला दिसलं?"

"नही."

"फुग्याला कळलं. छातीत बसून त्याने सांगितलं की बाहेरून कोणी आवळलंय. म्हणून चादर काढून पाहिलं. फुगा नसता तर आम्ही समजलो असतो, फुप्फुस फाटलं, आणि भलतंच काहीतरी केलं असतं."

अक्कांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. "मी बांधं ते फुगाले समजनं?"

"समजलं."

"पोटवर बांधं आनि छातीमा समजनं?"

"हो."

त्या हळूच खाली बसल्या आणि काकूंचा हात धरला. त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बांधाच्या अलीकडेच राहिला. "मनाच हातखाल जाता मना भाऊ," म्हणाल्या.

पण गाडी येऊन उभी होती. जावई खुर्चीतून उठून फोनवर नाशिकशी बोलत होते. अक्का आता माझ्या बाजूच्या होत्या, तरी जावयाला नाही म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. त्या माझ्याकडे बघत होत्या, काकू माझ्याकडे बघत होत्या. सर दारात उभे, हातात वाटी. सगळं गोत्र जणू म्हणत होतं, बाई, तूच काहीतरी कर, पण जावईबुवांना वाईट वाटता कामा नये.

मी फोन संपायची वाट पाहिली. "जावईबुवा, तुमच्या धंद्यातलं एक विचारू?"

ते थांबले. "विचारा की."

"नांगरटीला हवा कमी, हे कळलं. पण ट्रॉलीत उसाचं ओझं असेल, मागून भार पडत असेल, तर हवा कमीच ठेवता?"

"छे! ओझं असेल तर वाढवावी लागते. नाहीतर चाक बसेल."

"नानांच्या फुप्फुसावर पोटाचं ओझं आहे. ते किती आहे हे आम्ही मोजलं आणि तेवढीच हवा वाढवली. नाशिकच्या गाडीतल्या यंत्राला ओझं माहीत नाही. ते रिकाम्या ट्रॉलीची हवा भरेल."

जावयांनी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. मग खुर्चीत बसले आणि गोत्राला उद्देशून निर्णय दिला. "नाशिक रद्द. मॅडम आपल्याच पद्धतीने करतायत."

"जावईबुवा म्हनतस तेच खरं," अक्का म्हणाल्या, आणि आयुष्यात हे वाक्य त्या इतक्या मनापासून कधी बोलल्या नसतील.

त्यानंतर अक्का फुग्याच्या कट्टर झाल्या. कोणी नवा पाहुणा भेटायला आला की त्याला दाराशीच अडवून सांगायच्या, "मझार जावानं ते रिकामा हाते जा. काही उपाय नेशी ते फुगा सांगी देस." बेंबीचं काम त्यांनी बंद केलं नाही, पण ते बाहेरच्या बाकापुरतं ठेवलं. वडील पिंप्राळ्याहून रोज फोन करायचे. मी कशी आहे हे विचारायच्या आधी, "तो मानूस कसा शे? फुगा शे ना जागावर?" नानांचा आकडा आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात रोज कळत होता, असं आईकडून समजलं. वजाबाकीसकट.

नानांचं फुप्फुस हळूहळू मोकळं होत गेलं. पोटाचा भार होता तेवढाच राहिला, पण फुप्फुस बळकट झालं तसा आम्ही दाब उतरवत आणला, दरवेळी फुग्याला विचारून. मग झोपेची औषधं थांबवली, नाना डोळे उघडून छताकडे बघू लागले, आणि एका सकाळी घशातली नळी निघाली. बायको, बहीण, जावई, सगळे पायाशी उभे. नानांचा आवाज घोगरा, शब्द एकेक. अक्का कान तोंडाशी नेऊन ऐकत होत्या आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

अक्का सरळ झाल्या. "म्हनस, मनं नवं धोतर कोनी फाडं?"

हे त्यांना कोणी सांगितलं असेल, तर मावशींनीच.

नाना घरी जायच्या आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन चहा आलेले होते. फुग्यांची आणखी खोकी मागवल्याचं त्यांनी सांगितलं आणि मग दार जरा लोटून घेतलं.

"त्या अक्का आहेत अजून, की गेल्या?"

"उद्या जाणार. का सर?"

"काही नाही." त्यांनी पोटावर हात ठेवला. "सकाळपासून जरा… जड वाटतंय."

मी अक्कांना आत पाठवलं आणि बाहेर पहाऱ्याला उभी राहिले.

नाना स्वतःच्या श्वासावर, प्राणवायूच्या नळीशिवाय, अक्कांच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले आणि शिंदखेड्याला गेले. आता ते शेतात जातात. आमच्या विभागात फुप्फुस असं निकामी झालेला जड अंगाचा पेशंट आला की फुगा टाकून मोजल्याशिवाय दाब ठरवत नाहीत. हे काम मी सुरू केलं, आणि माझ्यानंतर आलेल्या दोन डॉक्टरांना आणि सगळ्या सिस्टरना ते मी शिकवलं आहे.